बोटीचं ॲव्हरेज

मंडळी, मोटारसायकलचं ॲव्हरेज कुणालाही विचारा, चटकन उत्तर मिळतं. बोटवाल्याला विचारलंत तर ‘जाऊन-येऊन एक कॅन लागतो’ एवढंच तो सांगेल. पाण्यावर मैलाचे दगड नाहीत आणि वाटेत पेट्रोल पंपही नाही. म्हणून आज बोटीवर बसवायच्या इंधनाच्या मीटरविषयी थोडं बोलणार आहे.

मी भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकचा. आमच्याकडे इंजिन म्हणजे ट्रॅक्टर नाहीतर पाण्याचा पंप. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळ्याला, माझ्या एका स्नेह्यांची पेट्रोलवर चालणारी स्पीडबोट आहे. तिला आम्ही दोघांनी मिळून हा मीटर बसवला.

याचे भाग दोन. पहिला सेन्सर. त्याच्या आत छोटी चक्री असते; पेट्रोल वाहू लागलं की ती फिरते. दुसरा भाग चालकासमोरचा. तो चक्रीचे फेरे मोजतो आणि ताशी किती लिटर जळतंय ते दाखवतो. सेन्सर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे बसवायचा, म्हणजे चक्रीत कचरा अडकत नाही. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. सांध्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे तुकडे इंजिनापर्यंत पोचतात. आणि नळी कापण्याआधी बॅटरीची वायर सोडवावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. तिथे एक ठिणगी पुरते. डिझेल इंजिनाचं गणित मात्र वेगळं. त्यातलं काही डिझेल टाकीकडे परत जातं. म्हणून दोन सेन्सर लावून वजाबाकी करावी लागते.

मीटर बसला की त्याची परीक्षा घ्यायची. टाकी काठोकाठ भरा, बोट चालवा, पुन्हा तेवढीच भरा. भरलेलं पेट्रोल आणि मीटरचा आकडा यांत फरक निघाला, तर तेवढी दुरुस्ती मीटरमधे करून घ्या.

आता गंमत ऐका. समजा, ताशी १० किलोमीटर वेगात ४ लिटर जळतं. म्हणजे लिटरमागे अडीच किलोमीटर. वेग १६ केला, नाक वर उचललं, मागे मोठी लाट उठली, की तासाला १० लिटर, ॲव्हरेज १.६ वर आलं! आणखी वेग वाढवून ३० वर गेलं, की बोट पाण्यावर तरंगत सरकू लागते. तेव्हा १२ लिटर जळतं, आणि ॲव्हरेज पुन्हा अडीच. त्या मधल्या वेगात रेंगाळणं सगळ्यात महाग. हे कानाला कळत नाही, मीटर दाखवतो. माणसं वाढली, वारा समोरून आला, की हे आकडे बदलतात.

पण मीटरवरही डोळे मिटून विसंबू नका. टाकीत किती आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं. पंधरा लिटर ओतून वीस सांगितलं, तर तोही वीसच धरून चालणार. म्हणून बोटवाल्यांचा जुना हिशेब सोडू नये: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हाताशी. बोटीत बसलेला माणूस इंधन किती आहे असं विचारत नाही. ते त्यानं चालकावर सोपवलेलं असतं.