चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



लहान पोरांच्या हातून काय मोठे काम होणार, असे आपण सहज बोलून जातो. म्हणून आज आम्ही एका मुलीविषयी बोलणार आहोत.

तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला.

पेशवाईत आपल्या माणसांचे जे हाल झाले ते तिने लिहिले. बाळंतीण बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात तिचे काय होत असेल, तेही लिहिले. बघा हं, पोर चौदा वर्षांची, पण स्वतःचे रडगाणे गायली नाही. दुसऱ्याच्या आईची थंडी तिला लागली. यालाच आपण करुणा म्हणतो.

वेदांवर आमचा अधिकारच नाही, तर आमचा धर्म कोणता, असेही तिने विचारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. शाळकरी मुलीच्या त्या प्रश्नाला एकशे एक वर्षांनी उत्तर मिळाले, असे आम्ही मानतो.

पण तिने आणखी एक कडू गोष्ट लिहिली आहे. वरच्यांकडून सोसलेला विटाळ महारसुद्धा मांगांच्या बाबतीत पाळतात, हे तिने लपवले नाही. आज आपण बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणतो. पण सोयरीक जुळवताना, दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला घरात बसवताना समतेची प्रतिज्ञा आठवते का? बंधू-भगिनींनो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधायचे आहे. मुले सगळे बघत असतात.

निबंधाच्या शेवटी तिने आपल्या लोकांना कळकळीने सांगितले, शिका, अभ्यास करा. ते काम आपल्या विहारात मुले करीत आहेत. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ज्या आजींना अक्षर ओळख नाही, त्यांच्या शेजारी बसून सातवी-आठवीची मुले तो वाचून दाखवतात. कुणी सांगत नाही, पैसा मिळत नाही. हेही धम्मदानच आहे.

आता मुलांनो, एक काम आणखी करा. वाचून झाले की आजीला विचारा, तुम्ही लहानपणी पाणी कुठून आणत होता? शाळेत का गेला नाहीत? ती जे सांगेल ते तिच्याच बोलीत वहीत उतरवा. शुद्धलेखनाला घाबरू नका. मुक्ताने लिहिले नसते, तर त्या काळच्या आपल्या आयाबायांचे दुःख आपल्याच लेकीच्या शब्दांत आज आपल्याला वाचायला मिळाले नसते.

आणि पालकांना एवढीच विनंती. तुमच्या मुलीने उद्या वहीत अडचणीचा प्रश्न लिहिला, तर "तुला काय कळतं?" म्हणून तिला गप्प करू नका. ती वही विहारात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.

नमो बुद्धाय! जयभीम!