दसऱ्यानंतरची शाळा

(एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानें नभोवाणीवरून केलेलें भाषण)



शरद ऋतूंतील शाळेविषयीं चार शब्द सांगावेत अशी सूचना मला झाली, तेव्हां प्रथम मनांत आलें तें हें कीं, शहरांत राहणाऱ्या आपणांस या विषयांत नवें असें काय सांगणार? सहामाही परीक्षा, पाटीपूजन, दिवाळीची सुटी आणि अंगणांतला मातीचा किल्ला हें सर्व आपल्या घरच्या मुलांनीं आपणांकडून पाठ करवून घेतलेलेंच असतें. परंतु १९७९ पासून २०१६ पर्यंत मीं जेथें शिकविलें त्या शाळा बीड जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगरांत आहेत. आणि तेथें शरद ऋतु हा शाळा भरण्याचा नव्हे, रिकामी होण्याचा काळ. तेव्हां त्याचीच हकीकत सांगतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; शिक्षणशास्त्रांतील मोठाल्या सिद्धान्तांशीं माझा परिचय बेताचाच. डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच माझें भांडवल.

शाळेचें वर्ष जूनच्या मध्यास सुरू होतें आणि पहिलें सत्र दिवाळीपर्यंत चालतें. आरंभीचे दोन महिने पेरणी, खुरपणी आणि गळकें छप्पर यांत जातात; त्यांत विशेष कांहीं नाहीं. खरी शाळा जमते ती भाद्रपदांत. मूग-उडीद घरांत आलेले असतात, बाजरीला कणसें धरलेलीं असतात, आणि पहिलीचीं मुलें रडावयाचीं थांबलेलीं असतात. 'क' ओळखतां येणें आणि 'कमळ' वाचतां येणें यांत जें अंतर आहे, तें पुष्कळ मुलें याच दिवसांत ओलांडतात. काल ज्याला तीन सुटीं अक्षरें दिसत होतीं त्याला आज एकदम शब्द दिसतो, आणि तो स्वतःच दचकतो. इतकीं वर्षें हें पाहिलें, तरी मला त्याचें नवल वाटेनासें झालें नाहीं.

आश्विनांत डोंगरावर सीताफळें येतात. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाल्याचें वाचलें तेव्हां मला हसूं आलें. आमच्या मुलांनीं तें केव्हांच देऊन टाकलें होतें. डोळे उघडलेलीं फळें दप्तरांतून येत, पुस्तकांचीं पानें चिकट होत, आणि गुरुजींच्या टेबलावर रोज एक ढीग लागे. त्यांच्या काळ्या बिया धुऊन वाळवून आम्ही पहिलीच्या वर्गांत गणतीस घेत असूं. दहा बियांची पुडी म्हणजे एक दशक. बी तोंडांत घालावयाची नाहीं, ती विषारी असते, एवढी ताकीद मात्र रोज द्यावी लागे. पुढें सरकारी गणितपेटी आली. ती चांगली होती, फक्त तिला वास नव्हता.

मग पाटीपूजन. दसऱ्याला सुटी, म्हणून तें आदल्या दिवशीं होई. एकाच्या आंकड्यांनीं काढलेली सरस्वती आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं काढली असेल. आमच्याकडे ती कोणाची सरळ उभी राहात नसे, आणि त्यावरून दर वर्षीं भांडणें होत. आपट्याच्या फांद्या ओरबाडूं नका, पानें तेवढीं तोडा, हेंही दर वर्षीं सांगावें लागे. मुलें सोनें म्हणून तीं पानें आमच्या हातांत देत आणि वाकून नमस्कार करीत. त्या नमस्कारांतले कांहीं नमस्कार निरोपाचे असत, हें नव्या शिक्षकाला ठाऊक नसतें. तें कळावयास मला दोन दसरे जावे लागले.

येथें एक तारीख सांगतों. ३० सप्टेंबरच्या पटावरून आमच्या राज्यांत शाळेला किती शिक्षक द्यावयाचे तें ठरतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढें अधिक. सप्टेंबरच्या अखेरीस आमचा पट भरलेला असतो, कारण शेतांत पीक उभें असतें आणि गांवांत माणसें असतात. त्याच पटावरचीं मुलें नोव्हेंबरच्या अखेरीस मोजावयास कोणी आला, तर कांहीं वर्षीं त्याला निम्मे पाट रिकामे दिसतील. कागद खोटा नसतो. तो दोन महिने आधींचा असतो इतकेंच.

हीं मुलें जातात कोठें? आपल्या चहांत जी साखर पडते तिच्या वाटेनें. १९५० सालीं प्रवरेकांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढें पाण्याच्या प्रदेशांत असे कारखाने वाढत गेले. ऊस तेथें आहे. तो तोडणारे हात मात्र पावसाच्या छायेंतल्या आमच्या डोंगरांतून जातात. १९७२ च्या दुष्काळानें या वाटेवर आणखी माणसें लोटलीं. मी तेव्हां शाळकरी होतों आणि आमच्या गल्लींतलीं घरें एकामागून एक कुलुपबंद होतांना मीं पाहिलीं आहेत.

या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नांवानें! पावसाळ्यांत, घरांत पैसा नसतो तेव्हां, मुकादम जोडीला उचल देतो. ती फेडण्यासाठीं दसरा उलटला कीं टोळीबरोबर निघावें लागतें, तें मार्च-एप्रिलपर्यंत. ट्रॅक्टरच्या मागें जोडलेल्या गाड्यांत भांडीं, अंथरुणें, एखादी शेळी, खुराड्यांत कोंबड्या, आणि त्या सर्वांवर पोरें. गाडी शाळेवरून जाई तेव्हां मुलें वरून हात हालवीत. वर्गांतलीं मुलें खिडकीशीं धांवत. मी त्यांना दटावीत नसें.

तेथें गेलेल्या मुलाचें काय होतें? पाचटाची किंवा ताडपत्रीची खोपटी, तिला 'कोपी' म्हणतात. आईबाप पहांटेच्या अंधारांत फडावर जातात. आठनऊ वर्षांची मुलगी धाकट्यास सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापावयास शिकते; मुलगा उसाचीं वाढीं गोळा करतो. अंकगणित तीं विसरत नाहींत, कारण मोळ्या मोजाव्या लागतात. वाचन मात्र विसरतात. पहिलीचें मूल तर सारेंच विसरतें. भाद्रपदांत जें 'कमळ' उमललेलें असतें तें चैत्रांत पुन्हां तीन सुटीं अक्षरें होऊन परत येतें.

कोणतें मूल जातें आणि कोणतें राहतें, याचा मीं बरींच वर्षें विचार केला. मुलाची हुशारी, बापाची इच्छा, माझ्या उपदेशाचा परिणाम, यांपैकीं कशाचाही त्याशीं फारसा संबंध नाहीं. ज्या घरांत आजी आहे तें मूल राहतें. आजीचे गुडघे चालते असतील तोंवर तें शिकतें.

उपाय झाले नाहींत असें नाहीं. कारखान्यांच्या परिसरांत साखरशाळा निघाल्या. कांहीं फार निष्ठेनें चालल्या, कांहींत नुसता फलक होता. शिक्षणहक्क कायद्यानें जेथें मूल जाईल तेथील शाळेनें तें वर्षांत केव्हांही घ्यावें अशी सोय केली, आणि मुलाबरोबर देण्यासाठीं शिक्षण हमी पत्रकही निघालें. पण फड आज येथें तर पंधरवड्यानें दुसरीकडे. परक्या गांवच्या वर्गांत दारापाशीं बसलेलें मूल चार दिवसांत येईनासें होतें. माझ्या मतें सर्वांत शहाणपणाची योजना ती हंगामी वसतिगृहाची. म्हणजे मुलानें आपल्याच गांवांत राहावें, आपल्याच शाळेंत जावें, आणि आईबाप परत येईपर्यंत त्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि निजण्याची व्यवस्था व्हावी. पुढें २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली. योजनेंत दोष नव्हता. दोष पंचांगाचा होता. टोळ्या आश्विनांत निघतात, आणि एके वर्षीं वरच्या कचेरींतून आम्हांला मंजुरी आली ती पौषांत.

त्या वर्षीं काय केलें तें सांगतों, कारण शाळा म्हणजे चार भिंती नव्हेत हें मला तेव्हां समजलें. शाळा व्यवस्थापन समितीची सभा मारुतीच्या पारावर भरली. कायद्याप्रमाणें या समितींत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांतले कित्येक स्वतःच निघण्याच्या तयारींत होते. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं शाळेंत खिचडी शिजविणाऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "दुपारचं मी रांधतेच, रातचंही रांधीन, पर दाणा कुणाचा?" तेवढ्यावर सभा मोकळी झाली. घरटीं एक पायली बाजरी ठरली. ज्याच्याकडे बाजरी नव्हती त्यानें सरपण दिलें. दुकानदारानें तेल-मीठ उधारीवर दिलें, आणि ती उधारी फेडतांना आमची किती तारांबळ उडाली तें सांगत नाहीं. मुलगे एका वर्गखोलींत निजत, तेथें आम्ही दोघे शिक्षक आळीपाळीनें राहात असूं. मुली त्या बाईंच्या घरीं. त्यांचें घर दीड खणाचें होतें.

दिवाळीनंतर शाळा उघडली कीं दुसरें सत्र लागतें. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यांत 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. दिवाळी उशिरां आली तर तो सुटींतच जातो, ही गोष्ट वेगळी. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव चढलें. निवृत्तीनंतर एकदां मला त्या दिवशीं आमच्या जुन्या शाळेंत बोलावलें होतें. पटावर नांव चढणें म्हणजे काय, हें मुलांना सांगावयाचें होतें. मी उभा राहिलों, आणि मला आठवण झाली ती पटावरून मीं कमी केलेल्या एका नांवाची. मुलांपुढें तें बोलवलें नाहीं. आपणांपुढें सांगतों.

नोकरीस लागून मला दोन-तीन वर्षें झालीं होतीं. तिसरींत एक मुलगा होता. पाढ्यांत त्याचा हात धरणारा शाळेंत कोणी नव्हता. दसरा झाला आणि तो टोळीबरोबर गेला. दीर्घकाळ गैरहजर मुलाचें नांव कमी करावयाचें, ही त्या वेळची रीत. तपासणी जवळ आली होती, हजेरीची सरासरी खालीं आली होती. मीं तांबड्या शाईनें रेघ ओढली. पाडव्याच्या सुमारास तो परत आला आणि सरळ आपल्या जागेवर येऊन बसला. मीं त्याला सांगितलें, "तुझें नांव आतां पटावर नाहीं, जूनमध्यें ये." तो उठून गेला. जूनमध्यें तो आला नाहीं. डोंगराकडेला शेळ्या राखतांना दिसे. मला पाहून शेळ्या दुसरीकडे वळवी. नांव नसतांनाही मीं त्याला वर्गांत बसूं दिलें असतें तर कोणीं माझा हात धरला नसता. पण मीं तसें केलें नाहीं.

२०१२ च्या आश्विनांत, पाटीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशीं, एक गृहस्थ शाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला. चाळिशीचा, हाताला कोयत्याचे घट्टे. बरोबर आठनऊ वर्षांची मुलगी.

"गुरुजी, वळखलं का?"

मीं ओळखलें. पाढे म्हणतांना मान तिरपी करण्याची त्याची लकब गेली नव्हती.

"उद्यां गाडी निघती," तो म्हणाला. "हिचं नांव तेवढं कमी करूं नका. आम्ही पाडव्याला येतोंच."

तोंवर कायदा बदलला होता आणि तसें नांव कमी करतां येत नव्हतें. तें मीं त्याला सांगितलें नाहीं. मीं विचारलें, "घरीं म्हातारी आहे का रे?"

"म्हातारी औंदाच गेली."

मीं खिचडीवाल्या बाईंकडे पाहिलें. त्या ताटें घाशीत होत्या, मान वर न करतांच म्हणाल्या, "राहूं द्या कीं. दीड खणांत एक जास्तीची मावती."

तो मुलीला तेथेंच ठेवून गेला. तिच्या पिशवींत दोन परकर, पाटी आणि चार सीताफळें होतीं. पहिले चार दिवस ती कोणाशींही बोलली नाहीं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत एका रात्रीं बापाचा माझ्या भ्रमणध्वनीवर फोन आला. फडावरून कोपीवर येऊन भाकरी खाल्ल्यावर त्यानें तो केला होता. मीं यंत्र तिच्या हातांत दिलें. काय बोलावें तें तिला सुचेना. मीं म्हटलें, पुस्तक आण आणि धडा वाचून दाखव. तिनें वाचला, दोन ठिकाणीं अडली, सावरली. धडा संपला तरी पलीकडून कांहीं वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्याचा आवाज आला,

"पुन्हां वाच. तुझी आई आत्तां आली."

तिनें पहिल्यापासून सुरुवात केली, आणि त्याचे पैसे संपून फोन बंद पडेपर्यंत ती वाचीत होती.