ऐंशीव्या वर्षी सांगितलेली स्वप्नं



उन्हात पाऊस आला की आपण म्हणतो, कोल्ह्याचं लग्न लागलं. जपानातही हेच म्हणतात. तिथले मोठे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी त्यावरूनच एक सिनेमा सुरू केला. नाव ‘ड्रीम्स’, म्हणजे स्वप्नं. १९९० साली तो आला तेव्हा कुरोसावा ८० वर्षांचे होते. त्यांच्या स्वप्नांवरून केलेल्या ८ गोष्टी त्यात आहेत. म्हाताऱ्याच्या स्वप्नांना जपानात कोण पैसे देणार? शेवटी अमेरिकेतले दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग मध्ये पडले, आणि तिकडच्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने हात दिला.

पहिल्या गोष्टीत आई मुलाला बजावते, आज बाहेर जाऊ नकोस, कोल्ह्यांना त्यांचं लग्न पाहिलेलं खपत नाही. पोरगं जातंच. परत येतं तर आई दारात उभी. कोल्हा येऊन सुरी ठेवून गेलाय. जा, माफी माग, तोवर घरात घेणार नाही. आणि दार बंद! आम्हाला ही आई फार कठोर वाटली.

पण आमच्या मनात बसली ती पीचच्या बागेची गोष्ट. ३ मार्चला तिकडे मुलींचा सण असतो, घरोघरी बाहुल्या मांडतात. या घराने आपली पीचची बाग तोडलेली. बाहुल्या जिवंत होऊन मुलाला जाब विचारतात. तो रडतो. फळं बाजारात मिळतील, फुललेली बाग कुठून आणायची? हे रडणं पाहून त्या नाचतात आणि सगळी बाग एकदा फुलवून दाखवतात. मग उरतात नुसते बुंधे, आणि एक फुललेलं छोटं रोप. बांधावरचं झाड तोडताना घरातल्या पोरांना कोण विचारतं?

पुढे एका स्वप्नात अणुवीज केंद्रं फुटतात. लेकरांना घेऊन पळणारी बाई संतापून म्हणते, धोका नाही असं आम्हाला सांगितलं होतं. २१ वर्षांनी, २०११ साली, जपानातच फुकुशिमाचा अपघात झाला.

शेवटचं गाव पाणचक्क्यांचं. तिथे वीज नाही. १०३ वर्षांचे एक आजोबा चाक दुरुस्त करत बसलेत. गावात ९९ वर्षांची म्हातारी गेलीय, तिची अंत्ययात्रा गात-नाचत, वाजतगाजत निघते. आजोबा हसत सांगतात, ही माझं पहिलं प्रेम, पण मला सोडून दुसऱ्याशी लग्न केलं! आणि हातचं काम ठेवून तिला पोचवायला निघतात.