भांड्यावर नाव कोणाचे?

(बनेद अल-गार, कुवेत येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. मोठी व्याख्याने आम्हाला जमत नाहीत, म्हणून एका फुलदाणीची गोष्ट सांगतो.

मुंबईची सर ज. जी. कला शाळा १८५७ साली सुरू झाली. पुढे १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तेथे कुंभारकाम वाढवले. त्यासाठी सिंधकडचे कसबी कुंभार आले. त्याच सुमारास, १८७२पासून, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेत होते. मग लेण्यांतली वेलबुट्टी आणि आकृत्या फुलदाण्यांवरही आल्या.

हे काम सोपे नव्हे. कोरडे भांडे पाणी लगेच शोषते. कुंचला टेकला की रेघ बसली, ती पुसून पुन्हा काढता येत नाही. कोबाल्टची पूड लावताना काळपट दिसते. वर काचेचा लेप चढून भट्टीतून निघाली की निळी होते. म्हणजे हात चालत असताना चिताऱ्याला खरा रंग दिसतच नाही. असा हात बसायला वर्षे जातात.

त्यातली काही भांडी आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत, काही लंडनला आहेत. चिठ्ठीवर शाळेचे नाव असते. रेघ ओढणारा कोण, ते बहुतेक वेळा नसते. नाव लिहायची रीतच जगात नव्हती, असेही नाही. इराणच्या काशान गावचा अबू झैद आठशे वर्षांपूर्वी आपल्या भांड्यांवर स्वतःचे नाव लिहीत असे. म्हणून तो आजही ओळखीचा आहे.

त्याच काळात आपली माणसे कोकणातून मुंबई बंदरात आली आणि गिरमिटावर जहाजात चढली. मॉरिशसला उतरल्यावर त्यांना नंबर मिळाला. नाव कारकुनाला ऐकू आले तसे लिहिले गेले. कित्येकांचे फोटोही काढले. ती रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. चिताऱ्याचे काम राहिले, नाव गेले. आपल्या पणजोबांचे नाव राहिले, पण त्यांच्या हातात कोणते कसब होते ते गेले. कोणी सुतार असेल, कोणी कुंभार असेल; उसाच्या मळ्यात सगळ्यांच्या हाती कोयताच आला.

आमच्या वर्गातली मुले मातीची पणती रंगवतात, तेव्हा आम्ही त्यांना खाली नाव घालायला सांगतो. "बाई, खाली कोण बघतं?" असे एकाने विचारले. आम्ही म्हटले, "तुझा नातू बघेल."

तेव्हा एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. नाव, गाव आणि त्यांच्या आधीच्या पिढीला काय करता येत होते, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. विचारायला माणूस आहे तोवरच हे होईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.