अंगणातला अडुळसा

(वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतचेच. तेव्हा विद्वत्तेचे काही न सांगता, आपल्या कुंपणाला असतो त्या अडुळशाविषयीच बोलते.

अडुळसा ओळखायला सोपा. पाने लांबट व टोकदार, फुले पांढरी आणि त्यांच्या ओठावर जांभळट रेघा. इतका कडू की शेळीसुद्धा तोंड लावीत नाही. संस्कृतात त्याला वासा म्हणतात. त्यावरूनच त्याच्या पानांतल्या द्रव्याला वासिसीन हे नाव पडले, आणि त्या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. दुकानातल्या खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांवर हे नाव वाचायला मिळते. आजीबाईचा बटवा पोकळ नव्हता, हे यावरून दिसेल.

पाचसहा पाने धुऊन तव्यावर मऊ होईपर्यंत शेकावीत, वाटून स्वच्छ फडक्यातून पिळावीत. चमचाभर रसात तेवढाच मध घालून मोठ्या माणसाने सकाळ-संध्याकाळ घ्यावा. सर्दीपडशाच्या खोकल्यात कफ सुटायला मदत होते. मात्र गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. आमच्या नात्यातली एक सून दीड महिना अडुळशाचा काढा घेत होती. संध्याकाळी कणकण असे, पोलके सैल होत चालले होते. घरातले म्हणत, हवा बदलली आहे. ती मात्र मनातून धास्तावलेली. क्षय निघाला तर सासरचे माहेरी धाडतील, या भीतीने ती दवाखान्याचे नाव काढीत नव्हती. शेवटी गावातल्या आशाताईंनी तिची थुंकी तपासायला नेली. क्षयच निघाला. सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या आणि आज ती खडखडीत बरी आहे, आपल्याच घरी आहे.

भगिनींनो, अडुळसा खोकला हलका करतो, क्षयाचे जंतू मारीत नाही. पूर्वी खोकल्यातून रक्त पडले तरी अडुळसाच देत, कारण दुसरा इलाज नव्हता. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. त्यानंतर आणखी कितीतरी औषधे आली. आज सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे फुकट मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम महिना १००० रुपये झाली आहे. गोळ्या मात्र बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

घरात मुलगा खोकला की आपण धावतो, यजमान खोकले की काढा ठेवतो. आपला स्वतःचा खोकला मात्र पदराआड दाबतो. तेवढे आजपासून सोडू या. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर काढ्याचे भांडे खाली ठेवून दवाखाना गाठावा. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर शेजारणीने सोबत जावे. मंडळ असते ते आणखी कशासाठी?

अडुळसा कुंपणाला जरूर लावा.