अंगावर काढलेलं दुखणं
(अक्कलकोट येथील बैठकीतील भाषण)



ज्वारीवर खोडमाशी आली की आम्ही पोंगेमर मोजतो. शेकडा १० झाडं गेली की फवारणी सांगतो. बाईच्या दुखण्याची अशी मोजणी फार दिवस कुणी केलीच नव्हती.

ती केली गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. आकडे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग, एकेकीला सरासरी तीनचार. त्याआधी तशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८! पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटातली कळ. सगळं ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणून अंगावर काढलेलं.

आणि रक्त? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरात ५४ बायांचं रक्त कमी निघालं. अशा अंगानं ती दिवसभर वाकून ज्वारी काढते, कापूस वेचते. धाप लागून बांधावर टेकली, की आम्हीच तिला कामचुकार म्हणतो. उत्पादनखर्च मांडताना बैलाची झीज आम्ही धरतो, तिची नाही.

लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाहीत. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, तपासणी हवी. काढणीच्या आत गावागावातून जीप भरून बाया ग्रामीण रुग्णालयात न्यायच्या. भाडं गड्यांनी द्यायचं. कोणत्या गावची जीप कधी, ते आत्ताच उठून सांगा.