हबसाण : गुलाम म्हणून आले, कोकणचे झाले



डोंबिवली-कल्याणात स्थायिक झालेली कित्येक कुटुंबे मूळची मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागातील आहेत. सुटीत गावी गेलो की होडीतून जंजिरा पाहायचा, कलालबांगडी तोफेला हात लावायचा आणि परतायचे, एवढाच बहुतेकांचा त्या इतिहासाशी संबंध. ज्या सिद्दींनी तेथे सव्वातीनशे वर्षे सत्ता सांभाळली ते कोण, कुठले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेचे. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा येथून त्यांना गुलाम म्हणून आणले जाई. म्हणून त्यांना हबशी म्हणत आणि जंजिरा संस्थानाला हबसाण हेही नाव पडले. 'जंजिरा' हा शब्द 'जझीरा' म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आला.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. त्यांच्या राम पाटलाकडून निजामशाहीच्या पिरमखानाने तो युक्तीने घेतला, अशी हकीकत सांगतात. १५६७ ते १५७१ या काळात तेथे दगडी तट उभा राहिला. १६१८ च्या सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांची परंपरा सुरू झाली. विशेष म्हणजे बराच काळ तेथे बापामागून मुलगा असा नियम नव्हता. सरदारांपैकी जो कर्तबगार, तो प्रमुख होई.

याच काळात दख्खनमध्ये दुसरा एक हबशी निजामशाही सावरत होता. त्याचे नाव मलिक अंबर. लहानपणी विकला गेलेला, अनेक धन्यांच्या हातांतून फिरलेला हा मुलगा अहमदनगरला आला आणि राज्याचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. तेथील नहरींचे पाणी त्याची आठवण देत राहिले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या लढाया धर्माच्या रेघेवर चालत नव्हत्या. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, आणि तो वेढा फोडायला गेलेल्या मराठी फौजेत सिद्दी हिलाल होता. १६७९ साली खांदेरीच्या समुद्रात इंग्रज व सिद्दी यांच्याशी झुंजणारा शिवाजी महाराजांचा दर्यासारंग दौलतखान होता. जंजिऱ्याचा फत्तेखान किल्ला महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा त्याला कैद करणारे त्याचेच सिद्दी सोबती होते. त्यानंतर त्यांनी मोगलांचा आश्रय घेतला. जो तो सत्तेचा आणि समुद्राचा हिशेब पाहत होता.

मात्र या सत्तेची किंमत रयतेने मोजली, हेही सांगितलेच पाहिजे. किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दीच्या स्वाऱ्या सोसल्या. श्रीवर्धनच्या भट घराण्याला सिद्दीच्या जाचामुळेच गाव सोडावे लागले, आणि त्याच घराण्यातून पुढे पेशवे झाले. जे स्वतः गुलामगिरीतून वर आले, त्यांच्याही हातून दुबळ्यांवर जुलूम झाला. इतिहास शिकवताना पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवणे, किंवा दुसरी सांगून पहिली दडवणे, दोन्ही सारखेच अप्रामाणिक होय.

महाराजांना जंजिरा मिळाला नाही. १६८२ साली संभाजीराजांनी समुद्रात भर घालून वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही सफल झाला नाही. अखेर हे राज्य तोफांनी नव्हे तर कागदावरच्या सहीने संपले. भारत स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्याचा मुलूख कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आला. तेथील बहुसंख्य हिंदू प्रजा आणि नवाबाचे घराणे एकाच देशाचे नागरिक झाले.

परंतु सगळे सिद्दी काही नवाब झाले नाहीत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात आजही सिद्दी राहतात. त्यांच्यातील अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि रानात मजुरी केली. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. एकाच खंडातून, एकाच दुर्दैवाने आलेली ही माणसे. मग एकजण शहर वसवतो आणि दुसरा रानात राबतो, हे कशामुळे? रक्तात फरक नव्हता. मलिक अंबराला कोणीतरी लिहिणे-वाचणे, हिशेब आणि राज्यकारभार शिकवला. दुसऱ्याला कोणी विचारलेही नाही.

मित्रहो, शिक्षणसंस्था चालवण्याचे प्रयोजन याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. आपल्या वस्तीत कामाला जुंपलेले एखादे मूल दिसले, तर त्याचे कूळ विचारू नका. त्याचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, एवढे विचारा. आणि कोणत्याच पटावर नसेल, तर त्याला हाताला धरून शाळेत घेऊन या.